नामांकित लॉ स्कूल की घराजवळची पूर्ण शिष्यवृत्ती? लॅटिना विद्यार्थिनीने निवड कशी करावी

अमेरिकेत वकिली शिकायला निघालेल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलीपुढे एप्रिलच्या सुमारास अनेकदा असा पेच असतो: घराजवळच्या सरकारी लॉ स्कूलने फी माफ केलेली असते आणि दूरच्या नामांकित लॉ स्कूलने प्रवेश दिलेला असतो, पण मदत अगदी जेमतेम. घरात आधी कुणी वकील नसल्याने विचारायचं कुणाला, हाही प्रश्नच. हा आढावा तिच्यासाठी आहे. तिकडेच वाढलेल्या, पण घरात वकिलीची परंपरा नसलेल्या मराठी मुलींनाही तो बराचसा लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. मोठ्या फर्ममधली नोकरी, फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांकडची क्लार्कशिप (त्यांच्या हाताखाली सहाय्यक म्हणून काम) किंवा लॉ स्कूलमधली प्राध्यापकी, यांपैकी काही नक्की हवं असेल तरच नावासाठी कर्ज काढावं. या तिन्ही ठिकाणी लॉ स्कूलचं नाव खरोखर बघितलं जातं. सरकारी बचाव वकील (वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू मांडणारे), जिल्हा सरकारी वकील किंवा इमिग्रेशनचं काम करायचं असेल, तर जिथे वकिली करायची त्याच राज्यातलं शिक्षण आणि तिथल्या ओळखी जास्त उपयोगी पडतात.

कारण पुढच्या नोकरीची निवड बऱ्याच अंशी या कर्जावरच ठरते. नामांकित खाजगी लॉ स्कूलचा तीन वर्षांचा खर्च राहण्या-खाण्यासकट ३ लाख डॉलरच्या वर जातो. आतापर्यंत एक दिलासा होता: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ. ती योजना आजही आहे. पण २०२५च्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार डॉलरपुरतंच मिळणार. वरचे पैसे खाजगी कर्जाने उभे करावे लागतील, आणि खाजगी कर्ज या माफीत बसत नाही. म्हणजे ‘आधी नामांकित लॉ स्कूल, मग समाजसेवा’ हा बेत आता पूर्वीपेक्षा बराच महाग पडणार.

शिष्यवृत्तीचं पत्रही नीट वाचायला हवं. काही लॉ स्कूल ‘अमुक सरासरी राखली तरच’ अशी अट घालतात. पहिल्या वर्षी बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटची एकच परीक्षा असते आणि गुण वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरतात, म्हणजे सगळ्यांनी मान मोडून अभ्यास केला तरी काहीजण खाली राहणारच. किती जणांची शिष्यवृत्ती अशी कमी झाली किंवा गेली, हे प्रत्येक लॉ स्कूलला ‘स्टँडर्ड ५०९’ या अहवालात जाहीर करावंच लागतं. तो संकेतस्थळावर असतो. तो पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

घराजवळ राहिल्याने भाडं वाचतं, जेवणाची सोय होते. पण आईच्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलायला, भावंडांना आणायला-सोडायला हीच मुलगी लागते, आणि हे सगळं परीक्षेच्या आठवड्यातही चुकत नाही. तेव्हा घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावं.

नावाचं वजन खोटं नाही. ब्रॉन्क्सच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी १९७९ साली येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि २००९ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून पोचल्या. मात्र येलमधून त्या मोठ्या फर्ममध्ये नाही, तर मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेल्या आणि खटले चालवायला तिथेच शिकल्या. आजही अमेरिकेतल्या वकिलांत लॅटिना ३ टक्क्यांच्या आत आहेत, मोठ्या फर्मच्या भागीदारांत तर जेमतेम १ टक्का.

नोकरीतला फरक पगारापासूनच सुरू होतो. सर्वांत मोठ्या फर्म पहिल्या वर्षी २ लाख २५ हजार डॉलर देतात. सरकारी बचाव वकिलाला अनेक ठिकाणी ६०-७० हजारांवर सुरुवात करावी लागते. फर्ममध्ये वर्षाला १९००-२००० तास अशिलाच्या बिलात लावता येईल असं काम करावं लागतं आणि सुरुवातीचा बराच काळ कागदपत्रं तपासण्यात जातो. बचाव वकील काही आठवड्यांतच न्यायाधीशांसमोर उभी राहते. तिथे दुभाषा समजून बाजूला बसायला सांगितल्याचे अनुभव लॅटिना वकील वारंवार सांगतात, आणि ते ऐकून राग येतोच.

स्पॅनिशचाही विचार करावा. फर्ममध्ये सहकाऱ्यांची पत्रं भाषांतरित करून देण्यात संध्याकाळ गेली तरी ते तास कुठेच मोजले जात नाहीत. बचाव वकिलाच्या कार्यालयात तीच भाषा अशिलाचा विश्वास मिळवून देते, पण स्पॅनिश बोलणाऱ्यांचे सगळे खटलेही तिच्याच टेबलावर येऊ शकतात. काही सरकारी कार्यालयं दोन भाषांसाठी वेगळा भत्ता देतात. मुलाखतीत त्याबद्दल विचारायला संकोच करू नये.

निर्णय लगेच होत नसेल तर निदान एवढं करावं: जास्त मदत देणाऱ्या लॉ स्कूलचं पत्र दुसऱ्याला दाखवून शिष्यवृत्ती वाढवून मागावी. वकिलांच्या घरातली मुलं हे सर्रास करतात. जागा पक्की करण्यासाठी अनामत रक्कम भरायच्या तारखेआधी नम्र भाषेत एक ईमेल पुरतो.