मोटरसायकलवर खिशात कोणता टॉर्च ठेवावा?

नागपूर-उमरेड रोडवर पाचगाव मागे पडलं आणि गाडीचं मागचं चाक डुलायला लागलं. रात्रीचे साडेनऊ. टायर ट्यूबलेस, पंक्चरचं किट सोबत, पायानं हवा भरायचा छोटा पंपही सोबत. वीस मिनिटांचं काम, पण लागला सव्वा तास. किल्लीच्या जुडग्यातला चार्जिंगचा चपटा टॉर्च दोनदा मिचमिचला आणि विझला. मोबाईल १२ टक्क्यांवर, आणि तो धरायला तिसरा हात नाही. हेल्मेटवर टेकवून पाहिला, घसरला. दातात धरला, तर टायरऐवजी रस्त्यापलीकडच्या बाभळी उजळल्या.

शेवटी दुधाचे कॅन लावलेल्या गाडीवरचे एक काका थांबले. "तुमी काम करा ना भाऊ, बॅटरी मी धरतो." दोन मोठ्या सेलचा पत्र्याचा जुना टॉर्च, उजेड पिवळट, आजच्या हिशेबानं काहीच नाही. पण काकांनी तो वरून मारला नाही. जमिनीलगत, टायरला जवळजवळ घासून आडवा धरला आणि म्हणाले, आता चाक फिरवा. अर्ध्या फेऱ्यातच खिळ्याच्या डोक्याची लांबट सावली रबरावर पडली. मी इतका वेळ वरून उजेड पाडत होतो, तेव्हा हाच खिळा टायरच्या खाचांच्या काळेपणात हरवला होता.

(आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. घोळ नको म्हणून इथे टॉर्च आणि सेल असंच लिहितो.)

त्यानंतर दोन वर्षं पाच तऱ्हेचे टॉर्च आलटून पालटून जवळ बाळगले. मोबाईलचा विचार करत असाल तर तो आताच सोडा. अडकल्यावर फोन करायलाही तोच लागणार आहे.

खोक्यावरचे आकडे

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती दूर जातो हे कँडेलावर, म्हणजे एका दिशेला किती एकवटलाय त्यावर, ठरतं. खोक्यावर 'अंतर १०० मीटर' असं छापलेलं असतं, त्यामागे एएनएसआय एफएल-१ नावाचं मानक असतं. त्यात अंतर मोजतात ते उजेड ०.२५ लक्सपर्यंत (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उतरतो तिथवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की हे अंतर येतं: २५०० कँडेला असेल तर १०० मीटर. शंभर मीटरवर चांदणं पडलं म्हणून तिथला खड्डा नीट दिसेल असं नाही, हे ध्यानात ठेवायचं.

पण गाडीवाल्याला १०० मीटर हवेत कशाला? त्याचं काम दोन फुटांवर असतं. फ्यूजचा डबा, चेनचं लॉक, क्लच केबलचं टोक. तिथे १०० ल्युमेन पोटभर झाले. सीटखालची कागदपत्रं पाहायला किंवा पडलेला नट शोधायला ५ ते १० पुरतात. हजार ल्युमेन जवळून मारले तर क्रोमवरून आणि नंबर प्लेटवरून उलटे डोळ्यात येतात. म्हणून टॉर्च घेताना सगळ्यात मोठा आकडा पाहू नका, सगळ्यात लहान पाहा.

'किती तास चालतो' हाही असाच फसवा आकडा. त्याच मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. एवढ्याशा नळीत हजार ल्युमेन पेटवले की ती तापते आणि आतलं सर्किट मिनिटा-दोन मिनिटांत उजेड उतरवतं. मेमधल्या ४५ अंशांत त्याहूनही लवकर.

बर्डीच्या फुटपाथवर मिळणारे पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाचे टॉर्च मी तुलनेत घेतलेच नाहीत. प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात तीन बारके सेल असतात, गाडीच्या थरथरीनं त्यातला एखादा सैल झाला की सगळंच बंद. शिवाय सरकणाऱ्या भिंगाच्या फटीतून पाणी जातं.

पहिले चार पर्याय

किल्लीच्या जुडग्यातला चार्जिंगवाला आधी. वजन जाणवत नाही, घरी राहत नाही, एवढे दोन गुण. पण आतला सेल काढता येत नाही आणि बटण इलेक्ट्रॉनिक असल्यानं बंद असतानाही थोडा थोडा करंट खात राहतो. चार महिने हात लावला नाही तर पाचगावला माझं झालं तेच होतं. पार्किंगमध्ये किल्लीचं भोक शोधायला ठीक आहे.

दुसरा पेनसारखा, एका एएए सेलवर, म्हणजे रिमोटच्या सेलवर चालणारा. ओलाइटचा आय३टी ईओएस हे ओळखीचं उदाहरण: १८० ल्युमेन वरचा, ५ खालचा. शर्टाच्या खिशाला क्लिप लावून विसरून जा. पण सेलमध्ये दम किती ते मोजा. चार्जेबल एएए सेल ८०० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), १.२ व्होल्टचा, म्हणजे जेमतेम एक वॉट-तास वीज. शंभर ल्युमेनवर तासभरही निघणार नाही. पंक्चर एकदाचं निघेल, दुसरं नाही.

एए सेलवर, म्हणजे पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च बोटभर जाड असतो. एवढ्या जाडीत दुपटीहून जास्त वीज मावते: २००० एमएएचचा चार्जेबल सेल धरला तर २.४ वॉट-तास, शंभर ल्युमेनवर साधारण दोन तास. याची खरी ताकद मात्र वेगळीच आहे. कोंढाळी असो, मनसर असो की भिवापूर, किराणा दुकान उघडं असेल तर पेन्सिल सेल मिळतोच. समृद्धीवर दुचाकीला बंदी असल्यानं आपण जुन्याच रस्त्यांनी जातो, आणि जुन्या रस्त्यांवर किराणा दुकानं भरपूर आहेत.

पण दुकानातला साधा अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये ठेवून विसरू नका. माझा एक असाच गेला. मार्चमध्ये सेल घालून टँक बॅगेत टाकला, जूनच्या पहिल्या पावसात काढला. मागचं झाकण फिरेना. पक्कड लावून फिरवलं तर आत पांढरी भुकटी, स्प्रिंग हिरवी पडलेली आणि सेल नळीला असा चिकटलेला की ठोकूनही निघाला नाही. अल्कलाइन सेल रिकामा होऊन पडून राहिला की गळतो, आणि उन्हाळा ते काम लवकर उरकतो. त्यामुळे रोजच्यासाठी चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल, आणि 'अडचणीलाच' ठेवायचा असेल तर चार्ज न होणारा लिथियम एए. तो महाग पडतो, पण वर्षानुवर्षं पडून राहिला तरी दगा देत नाही.

एक जपण्याची गोष्ट. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल मापानं एएसारखाच दिसतो, पण पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चवर दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला, नाहीतर आतलं सर्किट जाळून बसाल.

१८६५० सेलचा सरळ टॉर्च हा सध्याचा लाडका प्रकार. सेलच्या नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगला सेल ३५०० एमएएचचा, म्हणजे सुमारे साडेबारा वॉट-तास, एएच्या पाचपट. ९९०० एमएएच छापलेला १८६५० दिसला तर तो हातात न घेता पुढे चला, एवढ्या नळीत तेवढं मावतच नाही. वुर्कोस एफसी११ हा यातला नमुना: टाइप-सी चार्जिंग, बुडाशी मॅग्नेट, रंग नीट दाखवणारा एलईडी.

ही रंगाची बाब हसण्यावारी नेऊ नका. निळसर-पांढऱ्या स्वस्त उजेडात वायरिंगमधली लाल, तपकिरी आणि नारिंगी वायर एकसारखी दिसते. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९०च्या वर आणि ४००० ते ५००० केल्व्हिन (उजेड पिवळट की निळसर त्याचं माप) असं लिहिलेला टॉर्च घेतला तर त्या वेगळ्या कळतात. गाडीखाली ओलं दिसतंय ते पाणी की ऑइल, हेही.

सरळ टॉर्चची अडचण धरण्याची आहे. शंभरेक ग्रॅमचा दंडगोल दातात धरवत नाही, जमिनीवर ठेवला तर गडगडतो. जीनच्या पुढच्या खिशात ठेवून गाडी चालवणं तर मला पटतच नाही. पडलो तर ॲल्युमिनियमची ती नळी मांडीत नाहीतर कमरेच्या हाडात घुसायची.

ज्याच्यावर मी थांबलो

पाचवा म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा, उजेड नळीच्या बाजूनं फेकणारा. सेल तोच १८६५०, सोबत डोक्याला बांधायचा पट्टा, बुडाशी मॅग्नेट. आर्मीटेकचा विझार्ड, स्किलहंटचा एच०४, सोफर्नचा एसपी४० हे या घरातले. यांचा उजेड पसरट असतो, लांब जात नाही, दूरवरची पाटी वाचता येणार नाही. किमतीतही हा सरळ टॉर्चपेक्षा सहसा वरच असतो. पण हेल्मेट काढून पट्टा बांधला की दोन्ही हात मोकळे, आणि मान वळेल तिकडे उजेड. पट्टा घरी राहिला तर उन्हासाठी बांधलेल्या दुपट्ट्यात खोचून भागतं, करून पाहिलंय.

मॅग्नेटचं मात्र फार कौतुक नको. तो लोखंडालाच चिकटतो. अलॉय व्हील, इंजिनचं केसिंग, प्लॅस्टिकचे पॅनेल, सगळीकडून सटकतो. माझ्या गाडीत स्विंगआर्म आणि पेट्रोलची टाकी अशा दोनच जागा निघाल्या, आणि टाकीवर चरा पडला तो वेगळाच. विकत घेण्याआधी घरच्या फ्रिजवरचा एखादा मॅग्नेट गाडीभर फिरवून पाहा.

हा टॉर्च मला आवडला तो मॅग्नेटसाठी नाहीच. बुडावर उभा केला की तो जमिनीपासून चार बोटांवरून आडवा उजेड टाकतो. काकांनी वाकून हातानं केलं तेच हा एकटा करतो. मागच्या पावसाळ्यात रामटेकहून येताना पुन्हा हवा गेली. टॉर्च टायरशेजारी उभा केला, सगळ्यात कमी उजेडावर ठेवला, चाक फिरवलं. बारीक तार होती, सावलीनंच सापडली.

घेतल्यावर

लिथियम-आयन सेल असलेला टॉर्च नागपूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीवरच्या टँक बॅगेत किंवा सीटखाली ठेवून जाऊ नका. उष्णता आणि पूर्ण चार्ज ही जोडी सेलचं आयुष्य खाते. महिनोन्महिने ठेवायचाच असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा. दुपारी घरी आल्या आल्या तापलेला टॉर्च चार्जिंगला लावू नका, आधी माठाशेजारी निवू द्या. साधारण ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात.

टाइप-सी दिसलं म्हणून कुठल्याही केबलनं चालेल असंही नाही. कित्येक स्वस्त टॉर्च दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं चार्जच होत नाहीत, त्यांना जुनी चपटी यूएसबी लागते. हँडलवरच्या चार्जरला कुठलं तोंड आहे ते पाहून ठेवा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट दाबलेलं हवं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण रबर उघडं असेल तर नाही.

इलेक्ट्रॉनिक बटणाचा टॉर्च खिशात आपोआप पेटतो. माझा जॅकेटात पेटला आणि झाशी राणी चौकाच्या सिग्नलवर कापड भाजल्याचा वास आला तेव्हा कळलं. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक टॉर्चचं सर्किट तुटतं, चुकून पेटणंही थांबतं आणि बंद असतानाचं करंट खाणंही.

मनीषनगर ते मिहान एवढीच रोजची धाव असेल तर पेन्सिल सेलचा पुरे, एलवर पैसे घालू नका. शनिवार-रविवार पेंच, चिखलदरा करत असाल तर एल घ्या. दुकानात जाताना गाडीचे ग्लोव्ह्ज घेऊन जा आणि ते घालूनच बटण दाबून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या.