रस्सा जहाल झालाय: तरी काढायची, कूट घालायचं की दही?

पाहुणे जेवायला बसायच्या बेतात असताना काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा जहाल झाल्याचं कळलं, की सोलापुरातल्या घरात हात आधी शेंगांच्या कुटाच्या डब्याकडे जातो. कूट घालाच, पण दुसऱ्या नंबरला. आधी गॅस बंद करून रस्सा दहा मिनिटं हलवू नका आणि वर आलेली तरी पळीने अलगद वाटीत काढा. मिरचीतलं झोंबणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तरीसोबत बरंच तिखट निघून येतं. रस्स्यात वेगळं काही पडत नाही, चव मूळचीच राहते. मला हा उपाय सगळ्यांत वरचा वाटतो. काढलेली तरी ताटाशेजारी ठेवा. झणझणीत खाणारे ती आवडीने वाढून घेतात.

तरीही झोंबत असेल तर कूट. चौघांच्या रस्स्याला दोन-तीन चमचे बारीक कूट आणि वाटीभर गरम पाणी घालून पाच मिनिटं उकळा, मग मीठ चाखा. रस्सा दाट होतो आणि मसाल्याचा वास थोडा दबतो, म्हणून एकदम ओतू नका. पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे मात्र आधी विचारा.

दह्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, त्यामुळे वांग्याच्या भाजीला किंवा आमटीला दही उत्तम. घुसळून, गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर फुटतं. काळ्या मसाल्याच्या मटणात तो आंबटपणा मला पटत नाही. नारळाच्या दुधानेही तिखट उतरतं, पण रस्सा सोलापूरचा राहत नाही.

लिंबू किंवा गुळाने जिभेला जरा सौम्य लागतं, भांड्यातलं तिखट तेवढंच असतं. बटाटा रस्सा पितो. त्यातलं तिखट तेवढं वेगळं ओढून घेत नाही. भाजी वाढवायला घालायचा तर घाला. आणि नुसतं उकळत ठेवू नका, पाणी आटून तिखट आणखी चढतं.

एखाद्या लेकरालाच तिखट लागत असेल, तर सगळं भांडं कशाला बदलायचं? त्याच्या ताटात कडक भाकरी चुरा, तरीखालचा थोडा रस्सा घाला आणि वर घट्ट दही द्या. तोंड पोळलंच तर पाण्याऐवजी दूध द्या.

शेंगा चटणीचा हिशोब वेगळा. तिच्यात दही किंवा पाणी मिसळून ठेवलं तर ती टिकत नाही. आणखी शेंगा खमंग भाजून, सालं काढून, लसूण आणि अंदाजाने मीठ घालून त्याच चटणीत पुन्हा कुटा. दही खाताना, ताटातच कालवा.