जर्मनीची नोकरी: आधी नियुक्तिपत्र की आधी प्रवास?

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करणारा माझा भाचा सध्या जर्मनीच्या दोन वाटांपैकी कोणती धरावी या विवंचनेत आहे: नोकरी मिळवून ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्यावर) जायचे, की जून २०२४ पासून सुरू झालेल्या ऑपॉर्च्युनिटी कार्डावर तिथे जाऊन नोकरी शोधायची.

खरा फरक पैशाचा आहे. ब्लू कार्डासाठी २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो, तर टंचाईच्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांना सुमारे ४३,७६० युरो पगाराचा करार लागत होता. मात्र निर्वाहाची रक्कम वेगळी दाखवावी लागत नाही. ऑपॉर्च्युनिटी कार्डाला करार नको, पण त्याच वर्षाच्या दराने महिन्याला १,०९१ युरो याप्रमाणे वर्षभराची तरतूद, बहुधा गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते), दाखवावी लागे. घर गहाण ठेवून ही रक्कम उभी करू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण शोधाच्या काळात आठवड्याला फक्त २० तास काम करता येते.

अर्ज दोन्हींचा मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडेच जातो. अनाबिन या जर्मन सूचीत आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा आहे का आणि पदवीही नोंदलेली आहे का, हे दोन्हींसाठी आधी तपासावे.

स्थैर्यात ब्लू कार्ड सरस ठरते: जर्मन भाषा बी१ (मध्यम) पातळीची येत असल्यास २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि जोडीदारालाही नोकरीची मुभा मिळते.

संसार असलेल्या अनुभवी अभियंत्याने नागपुरातूनच मुलाखती देऊन ब्लू कार्ड मिळवावे. एकटा, जर्मन बोलू शकणारा आणि स्वतःची बचत असलेला तरुण ऑपॉर्च्युनिटी कार्डाचा विचार करू शकतो.