रिसायकल खडी म्हणून प्लास्टरचा चुरा गळ्यात मारला

छोटं युनिट आहे माझं, सिमेंटचे ब्लॉक पाडतो. पाडलेल्या बांधकामाचं काँक्रीट क्रशरमधून काढून त्याची खडी वापरायची हे काही वाईट नाही, नीट असेल तर चांगले ब्लॉक होतात, मी आधी केलेत. म्हणूनच गाफील राहिलो.

सप्लायर सॅम्पलची गोणी घेऊन आला, स्वच्छ करडी खडी, सोबत लॅबचा रिपोर्ट. मी नेहमीच्या खडीच्या 30 टक्के जागी ती घालून ट्रायल घेतली, मस्त निघाली, म्हटलं पाठवा गाड्या. रिपोर्ट खोटा नव्हता हो, फक्त मला आलेल्या मालाचा नव्हता!

गाड्या आल्या त्या ओल्या चिंब. म्हणे धूळ उडू नये म्हणून पाणी मारलंय. आता साधी खडी जेमतेम 1-2 टक्के पाणी पिते पण या खडीला जुनं मॉर्टर, म्हणजे सिमेंट-वाळूचा मसाला, चिकटलेलं असतं, ती 4 ते 8 टक्के सहज पिते, आणि माल वजनावर घेतला होता, म्हणजे पाण्याचे पैसे मोजले मी. हे डोक्यात आलं तेव्हा गाडी रिकामी होऊन गेली होती.

वरचा थर सॅम्पलसारखाच होता, खालचं बघायला कोण जातंय. पहिले दोन दिवस ठीक गेले, मग मिक्स हातात दाबलं तर गोळा बसेना, सुटायला लागलं. ऑपरेटर पाणी वाढवत गेला तर ब्लॉक पॅलेटवर फुगून बसले, कमी केलं तर कडा ढासळायला लागल्या, मला वाटलं मशीनचं व्हायब्रेशन बिघडलं, त्यात आणखी एक दिवस गेला. शेवटी ढीग मधोमध उकरला. लाकडाच्या काड्या, माती, विटेचे तुकडे आणि पांढरे पांढरे गोळे. एक गोळा उचलून नखाने ओढलं तर ओरखडा उठला. पीओपी, म्हणजे जिप्समच! जिप्सम नखाने खरवडतं, काँक्रीट खरवडत नाही.

खरी वाट या जिप्समने लावली. माती आणि लाकूड निदान डोळ्याला दिसतं, जिप्सम मात्र सिमेंटमधल्या ॲल्युमिनाबरोबर ओलाव्यात रिॲक्शन करतं आणि ब्लॉक कडक झाल्यावर आतून फुगतं. म्हणजे यार्डातून जाताना ब्लॉक चांगला दिसतो आणि भिंतीत जाऊन तडकतो. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या भिंतीला तसंच झालं, बारीक जाळीसारखे तडे. 28 दिवसांनी ठेवणीतले ब्लॉक प्रेसखाली घातले तर नेहमीच्या ताकदीच्या अर्ध्यावर फुटले. भिंत माझ्या खर्चाने उतरवून दिली, दुसरं करणार काय.

सप्लायरला फोन केला तर म्हणतो तुमचं क्युरिंग, म्हणजे ब्लॉकला पाणी मारणं, कमी पडलं. नंतर फोनच उचलेना.

आता मी गाडी निम्मी उतरल्यावर मधला माल घेतो, काचेच्या बरणीत पाणी घालून जोरात हलवतो आणि तासभर ठेवतो. लाकूड-थर्माकोल वर तरंगतं, मातीचा थर वेगळा बसतो, पांढरे तुकडे वेचून नख मारून बघतो. पाच मिनिटांचं काम आणि एक तास वाट. जिप्समची पावडर झाली असेल तर मात्र बरणीत कळत नाही, त्याला लॅबमध्ये सल्फेटची टेस्टच लागते, आणि त्याचं सॅम्पल स्वतः उचला, सप्लायरने आणून दिलेलं नको. एक मूठ तव्यावर सुकवून आधी-नंतरचं वजनही बघतो, किती पाणी विकतोय ते लगेच समजतं. हे करताना ड्रायव्हर कुरकुरला तर करू दे.

उरलेला ढीग अजून यार्डात पडून आहे. परवा एकजण स्वस्तात मागत होता, ब्लॉकसाठीच. नाही दिला.