लेदरक्राफ्टचं स्टार्टर किट : आठ महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीत 1,900 रुपयांना 18 नगांचं किट ऑनलाइन मागवलं. आता आषाढ लागलाय. त्यातल्या पाचच वस्तू टेबलावर असतात, बाकीच्या बिस्किटांच्या डब्यात.

टाक्यांची छिद्रं पाडायचे चिझल उत्तम निघाले. एक दोन दातांचा, एक सहा दातांचा, छिद्रांत 4 मिलिमीटर अंतर. सहाने सरळ ओळ पाडायची, वळणावर दोनचा घ्यायचा, आणि दर वेळी आधीच्या शेवटच्या छिद्रात एक दात ठेवायचा. दोरा मात्र 1 मिलिमीटरचा, पैशांच्या पाकिटावर सुतळीसारखा दिसतो. 0.6 चा मेणाचा दोरा वेगळा घेतला, तेव्हा कुठे टाका टाक्यासारखा दिसू लागला.

खरा राग चाकूवर. पहिले दोन महिने कडा कुरतडल्यासारख्या यायच्या आणि मी समजत होते, हात बसला नाही अजून. शेवटी कोपऱ्यावर चपला शिवतात त्या काकांना तुकडा दाखवला. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. "ताई, याने काकडी तरी चिरते का?" मग स्वतःची रापी हातात दिली. कातडं जराही न ओढलं जाता कापलं गेलं. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी किटचाच चाकू 1000 ग्रिटच्या दगडावर घासते, नंतर हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर. घडीच्या जागी कड पातळ करणं मला त्यानंतर जमू लागलं, त्याआधी नुसती भोकं पडत होती.

किटमधले चामड्याचे तुकडे क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले होते, मऊ. त्यांची कड पाणी लावून कितीही घासली तरी चमकत नाही. मी कड घासायच्या लाकडी बर्निशरला नावं ठेवत बसले! रविवार पेठेतून व्हेज-टॅनचा, म्हणजे झाडांच्या टॅनिनने कमावलेला तुकडा आणला आणि तोच बर्निशर गुणी निघाला. पण ओल्या व्हेज-टॅनवर रात्रभर लोखंडी पट्टी विसरले, तर सकाळी काळा डाग. टॅनिन आणि लोखंडाचं हे असंच असतं. लिंबाच्या रसाने बराचसा फिका झाला.

सरावाला एकच वस्तू धरली : कार्ड होल्डर. कार्डाची रुंदी 85.6 मिलिमीटर, म्हणून मी शिलाईच्या आतली जागा 86 ठेवली आणि कार्ड आत जाईना. चामड्याची जाडी हिशोबात धरलीच नव्हती. आता बाहेरून 100, टाका कडेपासून साडेतीन. बारा झाले, प्रत्येकाच्या आत तारीख घातली आहे. पहिला आणि सातवा शेजारी ठेवले की मलाच हसू येतं.

ठोकण्याचा आवाज हा वेगळाच विषय. खालच्या काकू एक ते चार झोपतात, सदाशिव पेठ आहे, वाद नको. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा टेबलाच्या पायावर येईल असा ठेवला, त्यावर प्लॅस्टिकचा कटिंग बोर्ड. आवाज निम्मा झाला आणि चिझलही उसळत नाही.

पावसाळ्यात उरलेलं कातडं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, आठवड्यात बुरशी. आता सुती पिशवीत, हवेशीर कपाटावर.

बारावा होल्डर गेल्या रविवारी काकांना दिला. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही, उलटा करून मागचे टाके मोजत गेले आणि एका जागी बोट ठेवलं : "इथं दोरा उलटा गेला." गेला होता.