‘प्रोटीन वाढवणारं खत’ म्हणून आम्हाला माती विकली

पेरणीच्या तोंडावर डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) मिळत नव्हतं. मिळालंच तर सोबत नको असलेल्या औषधाची बाटली घ्या, म्हणून लिंकिंग. नेमकी त्याच दिवसांत आमच्या गावात (लातूर जिल्हा) एक गाडी आली. दोन तरुण, गळ्यात ओळखपत्रं, बोलणं अभ्यासू. "काका, डीएपीत गंधक नसतं. गंधक नसेल तर सोयाबीनचं प्रोटीन चांगलं भरत नाही. आमचं खत टाका, मिलवाले क्विंटलमागे जादा भाव देतील."

पहिली दोन वाक्यं खरी आहेत, आणि गाव फसलं ते त्यामुळेच. सोयाबीनच्या दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिनं असतात. त्यातली मेथिओनिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्लं गंधकाशिवाय तयारच होत नाहीत. मेथिओनिन सोयाबीनमध्ये मुळातच कमी, म्हणून तर कोंबडीखाद्यात ते वरून घालावं लागतं. जमिनीत गंधक कमी पडलं की दाण्यात आणखी हलक्या प्रतीचं प्रथिन साठतं. तिसरं वाक्य मात्र धडधडीत खोटं. आडतीवर आपल्या मालाचं प्रोटीन कोण मोजतं? हवा (म्हणजे दाण्यातला ओलावा), माती आणि डागी दाणे बघितले की भाव ठरला.

पोत्याचा दर नेहमीच्या सुपर फॉस्फेट खताच्या दुपटीहून जास्त होता. दुकानात अनुदानाचं खत देताना अंगठा घेतात ते ई-पॉस मशीन नाही, अंगठा नाही, पक्कं बिलही नाही. हातात एक कच्ची चिठ्ठी. पोत्यावर शेंगांचं मोठं चित्र, पण नत्र किती, स्फुरद किती, गंधक किती याचा एकही आकडा नाही. खाली बारीक अक्षरात ‘सॉइल कंडिशनर’, म्हणजे खत नव्हे, माती सुधारक. खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे खताच्या पोत्यावर अन्नद्रव्यांचं प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन आणि कमाल किंमत छापावीच लागते. आकडे नसतील तर ते पोतं खत म्हणून विकत घेऊच नका, विकणारा कितीही गोड बोलो.

महिनाभरात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, गंधक कमी पडलं की वरची. झाडं उपटून पाहिली तर मुळांवर गाठी मोजक्याच, आणि त्यातल्या बऱ्याच आतून गुलाबी नव्हत्या; हवेतला नत्र धरणारी कामाची गाठ आतून गुलाबी असते. शिल्लक सीलबंद पोत्याचा नमुना कृषी विभागामार्फत प्रयोगशाळेत गेला. अहवालात स्फुरद नावालाच होतं, गंधक तर जवळपास नव्हतंच. रंगवलेल्या मातीच्या गोळ्या! लोकांनी त्यासाठी उसनवारी केली होती, याचा मला आजही संताप येतो.

ग्लासभर पाण्यात खताचे दाणे टाकून खरं-खोटं ठरवू नका. चांगल्या सुपर फॉस्फेटचाही गाळ खाली राहतो, कारण त्यात सहज न विरघळणारं जिप्सम असतं. खात्री प्रयोगशाळेतच होते.

आता गंधक खरंच स्वस्तात कसं द्यायचं तेही सांगतो. सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश आणि 20 किलो गंधक अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी 12, 24, 12 आणि 8. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद आणि 11 टक्के गंधक असतं. 50 किलोची तीन पोती टाकली की 24 किलो स्फुरद पुरं होतं, आणि गंधक लागतं त्याच्या दुप्पट जमिनीत जातं. वर साधारण 26 किलो युरिया, 20 किलो पोटॅश (पालाशाचं खत), आणि बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू. युरियाचा हात सैल सोडू नका, जादा नत्रानं गाठी धरत नाहीत.

रब्बीत अशीच गाडी हरभऱ्याचं नाव घेऊन शेजारच्या गावांत फिरत असल्याचं ऐकतोय. पोती उतरलीच असतील तर सगळी फोडू नका, कारण तपासणीला सीलबंद पोतंच लागतं. चिठ्ठी फेकू नका, गाडीच्या नंबरचा फोटो काढा आणि त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.