शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह की मायक्रोमॅक्रो: ग्रुपसाठी कुठला घ्यावा?

दोन्ही बोर्ड गेम, दोन्हीत सगळे मिळून गुन्ह्याची केस सोडवतात पण मजा पूर्ण वेगळी. शेरलॉक 1981चा जुना गेम, 1985ला जर्मनीचा श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार, मिळालेला. लंडनचा नकाशा, पत्त्यांची डिरेक्टरी आणि त्या दिवसाचा पेपर समोर ठेवून ठरवायचं की आता कोणाकडे जायचं, मग एकाने पुस्तिकेतला त्या जागेचा उतारा मोठ्याने वाचायचा अन् बाकीच्यांनी वाद घालायचा, फासे नाहीत की टायमर नाही. पेपरातली बारीकशी बातमीही कामाची निघू शकते. शेवटी होम्सपेक्षा जास्त ठिकाणी फिरलात तर मार्क कापतात, ते मला जाचक वाटतं, आम्ही मोजतच नाही. पण एका केसला अख्खी संध्याकाळ जाते आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेला बाजूला पडतो.

मायक्रोमॅक्रोला 2021चं तेच बक्षीस. 75 बाय 110 सेंटीमीटरचा काळापांढरा नकाशा, त्यात एकच माणूस वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागी काढलाय, म्हणजे मृतदेहापासून मागे मागे जात खुनी गाठायचा. वाचन अगदी थोडं, 16 केसेस, नवख्यांना बेस्ट. फक्त चारच्या वर डोकी वाकली की कोणालाच काही दिसत नाही, त्यामुळे मोठ्या गप्पिष्ट ग्रुपला शेरलॉकच घ्या.

केस सुटली की परत खेळण्यात अर्थ नाही, सेट मित्रांत फिरवा.